सात नंबर लाइनीची पाटी

मी पाटी बोलतेय. शाळेतली नव्हे, संडासाची. नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या.

बंगळूरजवळ, यशवंतपूरच्या एका शिलाई कारखान्यात सात नंबरची लाइन आहे. चाळीस मशिनी, चाळीस बायका. जिला जायचं तिनं मला घेऊन जायचं. ती परतली की दुसरीनं. एका वेळी एकच बाई उठावी म्हणून खोक्याच्या फळीचा तुकडा कापला, भोक पाडलं, नाडी ओवली. झाला माझा जन्म.

पहिला सुपरवायझर नागराजअण्णा. मला शर्टाच्या खिशात ठेवायचा. कुणी मागितलं की आधी घड्याळ बघायचा. "स्वल्प थांब." कानडीत स्वल्प म्हणजे थोडं. मग बायकांनी पाणी पिणंच सोडलं. सकाळी भरून आणलेल्या बाटल्या संध्याकाळी तशाच घरी जायच्या.

तो गेला नि महानंदा आली. निपाणीकडची. याच लाइनीत चौदा वर्षं कॉलर शिवलेली. पहिल्याच दिवशी तिनं खिडकीजवळ खिळा ठोकला नि मला टांगलं. "विचारत बसू नका गं. घ्या नि जा."

"मग तू कशाला सुपरवायझर, अक्का?" कावेरीनं चिडवलं.

"तुझी वाकडी शिलाई उसवायला!"

बाटल्या रिकाम्या होऊ लागल्या. काम काही कमी झालं नाही. मी साक्षीला आहे.

मग घाईची ऑर्डर आली. मॅनेजर त्रिविक्रम साहेब म्हणाले, "पाटी खिशात ठेवा. नाहीतर सोमवारपासून परत कॉलर शिवा."

चौदा वर्षांनी मिळालेली जागा होती हो. तिनं मला खिळ्यावरून काढलं नि खिशात टाकलं.

कावेरीनं दोनदा मागितलं. "स्वल्प थांब गं, एवढा गठ्ठा होऊ दे." नागराजअण्णाचेच शब्द! तिसऱ्यांदा कावेरीनं मागितलंच नाही. तिच्या स्टुलाखाली ओल दिसली. एकेक मशीन थांबत गेली. कुणी हसलं नाही.

महानंदानं स्वतःचा एप्रन सोडून कावेरीच्या कमरेला बांधला. फरशी स्वतः पुसली. सगळ्यांसमोर म्हणाली, "चुकलं माझं." मला परत खिळ्यावर टांगलं नि साहेबांच्या केबिनीत गेली. बाहेरपर्यंत ऐकू आलं, "पाटी खिळ्यावरच राहणार. मला कॉलर द्या."

सोमवारी तिला कॉलर दिली. मथुराला सुपरवायझर केलं नि मला तिच्या खिशात दिलं. मथुरा वाईट नाही, नवी आहे. पण मी खिशात आले की माणसाची मान ताठ होते. तीन जणांची झालेली बघितली.

थकले आता. नाडीला गाठी पडल्यात, अंगावर रंगवलेला सातचा आकडा पुसत आलाय. काल महानंदानं पाटी मागितली. मथुरानं घड्याळ बघितलं. महानंदा परत बसली, बाटलीचं टोपण घट्ट लावलं.

मथुरे, तुला फार थोर काही करायला सांगत नाही. दोन पावलांवर खिडकी आहे. तिनं ठोकलेला खिळा अजून तिथंच आहे.