सोबतीचं मागणं

दवाखान्यातली नर्स रीते, वयाने मुलीसारखी, पण बोलणं सासूचं. कोलेस्टेरॉलचा कागद तेरेसियापुढे सरकवून तिने सरळच सांगितलं, "मावशी, पाळी होती तोवर शरीर सांभाळून घेत होतं. ती जाऊन पाच वर्षं झाली. आता पोटाचा घेर आणि तोंडातली विडी, दोन्ही मिळून रक्तातली वाईट चरबी वाढवतायत आणि चांगली घटवतायत. विडी सोडा, चालायला लागा. नाहीतर एक दिवस हृदय दगा देईल."

तेरेसियाने ऐकलं. तिची थोरली बहीण अशीच, भात वाढता वाढता गेली होती. घरी आल्याबरोबर तिने तंबाखूचा डबा, विड्या वळायच्या केवड्याच्या सुक्या पानांसकट, शेजारच्या तांगारिकीला देऊन टाकला.

तिथेच चुकलं. तारावा बेटावर कुणी तोंड उघडून मागितलं तर नाही म्हणायची सोय नाही. म्हणणाऱ्याची गावभर नाचक्की होते. तेरेसियाचा नवरा जहाजावर वारला, मुलगी न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला गेली ती तिकडचीच झाली. पण रोज सकाळी तिच्या घरापुढच्या लाकडी माच्यावर चार-पाच बायका असायच्या. यायच्या तंबाखू मागायला, आणि दुसरी विडी संपेपर्यंत कुणाची सून कशी, कुणाचा नवरा कुठे पडला होता, सगळं निघायचं. या बाया आपल्यासाठी येतात असं तेरेसियाला वाटायचं.

डबा गेला तशा बायकाही गेल्या. पहिल्या दिवशी तिला वाटलं, कुणाचं बाळंतपण असेल. आठव्या दिवशी मनाची समजूत घालायलाही काही उरलं नाही. तांगारिकीच्या माच्यावरून हसणं ऐकू यायचं आणि ही एकटी मासळी साफ करत बसायची. भात निम्मा केला, तोही घशाखाली उतरेना. चालायला निघायची ती विहिरीपासूनच परतायची. एकटीने चालायचं तरी कुठे? दोन किलो उतरले म्हणून रीते खूश झाली. ते चालून नाही, झुरून उतरलेत, हे तेरेसियाने सांगितलं नाही.

शेवटी एका सकाळी ती तांगारिकीच्या माच्याशी जाऊन उभी राहिली. तांगारिकीने हसत वळलेली विडी पुढे केली. "आलीस ना? मी म्हटलंच होतं, महिना काही काढत नाहीस तू."

बायकांच्या विड्यांचा धूर छातीत शिरला आणि तेरेसियाचा हात उचललाच गेला. तो तिने दुसऱ्या हाताने दाबून धरला. "विडी नको. मागायलाच आलेय, पण दुसरं. रोज सकाळी माझ्याबरोबर पुलापर्यंत चालायला ये."

असलं मागणं कुणी ऐकलं नव्हतं. लोक जाळं मागतात, भांडं मागतात, दत्तक पोरसुद्धा मागतात. तांगारिकीने इकडेतिकडे पाहिलं. चारचौघींसमोर मागितलेलं होतं.

"बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती आली. गाल फुगवून पुलापर्यंत चालली आणि वळली. ही लाजेपोटी आलीय, मायेपोटी नाही, हे तेरेसियाला कळत होतं आणि लागतही होतं. धाप लागेल इतकं भराभर चाला, असं रीतेने बजावलं होतं. पण परतताना घरं दिसायला लागली तशी, सोबत जरा लांबावी म्हणून, तेरेसियाने पावलं आखडती घेतली.