सोफ्यावरची चौकशी समिती

ताईने हवाई दलाचं अख्खं विमान कोबीच्या शेतात उतरवलं, त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येकाला विमानातलं कळायला लागलं.

'उतरवलं' हा आईचा शब्द. काका सरळ 'आपटलं' म्हणायचे. ताई स्वतः काहीच म्हणत नव्हती. मागच्या सीटवरून शिकवणाऱ्या सरांचा एक दात पडला, ताईचं कोपर खरचटलं आणि विमानाने कोबीत नाक खुपसलं, एवढ्यावर निभावलं होतं. पण उद्या सकाळी तिला खऱ्या चौकशी समितीपुढे उभं राहायचं होतं. काय झालं ते पटेल असं सांगता आलं, तर पुन्हा विमान. नाही तर गाशा गुंडाळून घरी.

आणि ताईने ठरवून टाकलं होतं. "'चूक माझीच' म्हणते आणि मोकळी होते."

"मोकळी कसली, बेकार होशील!" भोंगा ओरडली.

भोंगा म्हणजे ताईची धाकटी बहीण. गेल्या वर्षापर्यंत ही पोरगी वर्गात हजेरी द्यायलाही घाबरायची. मग शाळेत वादविवाद स्पर्धा झाली, कुणी तरी आजारी पडलं, हिला ऐन वेळी पुढे ढकललं आणि ही चक्क कप घेऊन आली. तेव्हापासून तिचं बटण बंदच होत नव्हतं. नळाला पाणी कमी का येतं यावरही ती 'सन्माननीय परीक्षकहो' पासून सुरुवात करायची.

"आपण इथेच चौकशी घ्यायची," तिने जाहीर केलं. "अध्यक्ष मी."

"तुला कुणी केलं अध्यक्ष?" बाबांनी विचारलं.

"विरोधात कोण उभं आहे?"

कुणीच नव्हतं. भोंगाने दोन खुर्च्या एकामागे एक लावल्या आणि दोन्हींवरून खाली जमिनीपर्यंत चादर सोडली. झालं विमान. पुढच्या खुर्चीत ताईला ओढून बसवलं आणि तिच्या हातात छत्री दिली. ती पुढची स्टिक, म्हणजे विमान वळवायचा दांडा. मागची स्टिक म्हणून स्वयंपाकघरातला मोठा डाव आला. दोन्ही स्टिका एकमेकींना जोडलेल्या असतात, पुढची हलली की मागचीही हलते, एवढं ताईने सांगितलं.

सरांच्या भूमिकेसाठी काकांशिवाय होतं कोण? काकांचा मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा धंदा होता. आयुष्य त्यांनी लोकांच्या शेजारी बसून किंचाळण्यात घालवलं होतं.

हे सगळं भोंगा एका हाताने करत होती, कारण दुसऱ्या हातात गब्दू होता. गब्दू हे दादाचं बाळ. दादा आणि वहिनी सिनेमाला गेले होते, जाताना वहिनी दारातून तीनदा सांगून गेली होती, "लक्ष ठेवा हं, तो आता रांगत नाही, पळतो." भोंगाने त्याला सोफ्याला धरून उभं केलं होतं आणि मागून त्याच्या झबल्याची मूठ पकडली होती. काका खुर्चीकडे जाता जाता वाकले, "अरे, काय हे नाक!" म्हणाले, आणि त्याला धरून रुमालाने त्याचं नाक पुसायला लागले. भोंगाचे दोन्ही हात मोकळे झाले. चांगलं भाषण एका हाताने होतच नाही.

"तर सन्माननीय सदस्यहो! शिकाऊ विमानं का पडतात?"

"यंत्र," बाबा लगेच म्हणाले. बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. "ते विमान ताईपेक्षा वयाने मोठं आहे. अशा म्हाताऱ्या लिफ्टमध्ये मी माणूस सोडा, कपाटसुद्धा चढवत नाही."

"काही नाही हो," काका मागच्या खुर्चीत बसत म्हणाले. "शिकणारा चुकतो. माझ्याकडे एक बाई आल्या होत्या, ब्रेक म्हणून रेडिओ दाबायच्या."

"म्हणजे शिकवणारा कधीच चुकत नाही?" आईने आतून विचारलं. ती गब्दूची दुधाची बाटली तयार करत होती. "भाऊजी, तुमच्या गाडीला मागून एक, पुढून एक आणि बाजूने दोन पोचे आहेत. ते काय शिकणाऱ्यांनी घरून आणले?"

"अहो, ते पार्किंगमध्ये झालेत!"

"शांतता!" भोंगाने टेबलावर चमचा आपटला. "पक्षी? हवामान? आरोपीने सांगावं."

"मी आरोपी नाहीये," ताई म्हणाली.

"मग चूक माझी, चूक माझी काय लावलंयस?"

ताईने छत्री घट्ट धरली. "उतरत होतो. विमान जरा डावीकडे कललं. सरांनी मागून स्टिक धरली आणि सरळ केलं. आणि मग…"

"मग?"

"मग कोबी."

"मध्ये काय झालं?"

ताई सांगेना म्हटल्यावर बाकीच्यांनी सांगायला घेतलं. बाबा म्हणाले, केबल तुटली असणार. काका म्हणाले, हिने घाबरून डोळे मिटले असणार. बाबा म्हणाले, माझ्या मुलीवर आरोप करायचा असेल तर घराबाहेर जाऊन करा. काका म्हणाले, तुमच्याच मुलीने मला सर केलंय, मी जाणार नाही. भोंगा दोघांच्या वरच्या पट्टीत नियम समजावून सांगत होती. तेवढ्यात आई बाटली घेऊन बाहेर आली.

"गब्दू कुठाय?"

"भोंगाकडे," काका म्हणाले.

"काकांकडे," भोंगा म्हणाली.

सोफ्यापाशी कुणीच नव्हतं. बाहेरचं दार मात्र चांगलं वीतभर उघडं होतं, आणि दारापलीकडे जिना.

बाबा चपला न घालता जिन्याकडे धावले. आई न्हाणीघरात गेली, ताईने छत्री टाकून गॅलरी गाठली. भोंगा पडद्यांमागे, कपाटात, आणि काय सुचलं कुणास ठाऊक, फ्रिजमध्येही बघून आली. तिचा आवाज, तो प्रसिद्ध आवाज, फुटतच नव्हता. काका तेवढे खुर्चीत खिळल्यासारखे बसून एकच वाक्य घोकत होते, "मी फक्त नाक पुसलं… मी फक्त नाक…"

आणि मग ते किंचाळले. "पायाला काही तरी चावतंय!"

भोंगाने चादर उचलली. काकांच्या खुर्चीखाली गब्दू बसला होता. भांडणाच्या भरात काकांनी खाली ठेवलेला डाव त्याच्या दोन्ही हातांत होता आणि चव बदलायला म्हणून तो मध्ये मध्ये काकांचा अंगठा चावून बघत होता. सगळ्या विमानात स्टिक धरलेला तो एकटाच होता.

आईने त्याला असा काही आवळला की तोच रडायला लागला. बाबा धापा टाकत वर आले, बाळ बघून तिथेच पायपुसण्यावर बसले.

"तू सोडलंस कशाला त्याला?" काका भोंगावर उखडले.

"तुम्ही धरलंत म्हणून!" भोंगाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "मोठ्या माणसाने हात घातला की आपण धरून ठेवतो का? सोडतोच ना!"

"अगं पण मी नुसतं नाक पुसलं आणि हात काढला. मला वाटलं तू धरलंयस."

"आणि मला वाटलं तुम्ही!"

गॅलरीच्या दारात ताई उभी होती. "हेच," ती म्हणाली. "अगदी हेच झालं."

सगळे तिच्याकडे वळले.

"सरांनी हात घातला, म्हणून मी सोडलं. त्यांनी फक्त सरळ केलं आणि हात काढला. घेताना 'विमान माझ्याकडे' असं तोंडाने म्हणायचा नियम आहे. पण तेवढ्याशासाठी सर बोलले नाहीत, आणि सरांना उलट विचारायचं कसं, म्हणून मी बोलले नाही. त्यांना वाटलं माझ्याकडे, मला वाटलं त्यांच्याकडे."

"मग हे सांगत का नाहीस?" बाबांनी विचारलं.

"कोण विश्वास ठेवेल? दोन शहाणी माणसं विमानात बसलीत आणि विमान कुणीच चालवत नाहीये? त्यापेक्षा चूक माझी म्हटलेलं बरं दिसतं."

काकांनी अंगठा चोळला. मग आयुष्यात पहिल्यांदाच ते हळू आवाजात बोलले. "इथे पाच शहाणी माणसं होती, बाळा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ताईचा फोन आला. भोंगाने सगळ्यांना कोपराने बाजूला सारून तो घेतला.

"सांगितलंस?"

"सगळं. गब्दूसकट."

"हसले?"

"एकही नाही. सरांनी आधीच लिहून दिलं होतं, 'मला वाटलं तिच्याकडे आहे.' मला थोडे जास्तीचे धडे घ्यायचेत आणि सरांनासुद्धा. मग परत उडायचं!" पुढचं भोंगाच्या आरोळीत बुडालं. "ऐक ना गं! शेवटी मुख्य साहेबांनी चष्मा काढला आणि एकच प्रश्न विचारला. म्हणाले, बाळ सापडलं कुठे?"

तेव्हापासून घरात नवा कायदा लागू झाला. त्याच संध्याकाळी आईने गब्दूला बाबांकडे दिलं. "बाळ तुमच्याकडे!"

"बाळ माझ्याकडे!" बाबा खणखणीत म्हणाले. काकांनी लांबूनच रुमाल दाखवला. "नुसतं नाक पुसतोय! बाळ तुमच्याकडेच!"

वहिनी भाजी निवडता निवडता थांबली. "हे काय नवीन? दुपारपासून सगळे असे का ओरडताय?"

आईने बाबांकडे बघितलं. बाबांनी काकांकडे. काकांनी भोंगाकडे.

"म्हणजे," भोंगा हळूच म्हणाली, "वहिनीला कुणीच सांगितलं नाही?"

"मला वाटलं तू सांगितलंस," तिघे एकदम म्हणाले.