रंभाने ओतलेलं पाणी

खांदा कॉलनीतल्या वृद्धाश्रमात बथशेबाबाई दुपारी जेवता जेवता गेल्या. रंभा त्यांना मऊ भात भरवत होती. तिसरा घास तोंडातच राहिला. तो तिने बोटाने काढला, तोंड पुसलं आणि मग दिनानाथ मॅनेजरांना हाक मारली.

बाई बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू; पनवेलच्या शाळेत शिकवायच्या. मुलगा इथन इस्रायलला. फोनवर तो म्हणाला, की माझ्यासाठी थांबू नका, आमच्यात माती लांबवत नाहीत.

मयताला आंघोळ घालायला त्यांच्यातल्या दोन बायका लागतात. आल्या एकट्या नाओमीबाई. दुसरीचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं. आपल्यातलीच बाई हवी खरं तर, पण माणसं उरलीत कुठे, असं म्हणत त्यांनी रंभाला पाणी ओतायला सांगितलं.

रंभा ओतत राहिली. तीन वर्षं हेच अंग तिने उचललं, बसवलं होतं. रडू येईल असं तिला वाटलं होतं. आलं नाही. पाय झाले, पाठ झाली, केस झाले.

"घरच्या कुणाचं केलंयस हे?" नाओमीबाईंनी विचारलं.

"नाय. नवरा बोटीवर गेला तो आलाच नाय. सहा वर्सं झाली. न्हाऊ घालायला काय गावलंच नाय."

नाओमीबाईंनी तांब्या भरून तिच्या हातात दिला.

नवऱ्याची, कुंदनची बोट करंजाहून मासेमारीला गेली आणि बुडाली होती. दोन खलाशी जिवंत सापडले, तो नाही. देहाच्या जागी दर्भाचा पुतळा जाळून दहावं उरकू, असं सासरे बुधाजी दोनदा म्हणाले होते. दोन्ही वेळा रंभा उठून गेली होती.

त्या रविवारी ती करंजाला गेली. सासरे ओट्यावर जाळं सांधत होते. ती उभ्यानेच म्हणाली, "मामा, त्यांचं करून टाका आता."

म्हाताऱ्याने हातातली सुई खाली ठेवली. "कुनी काय बोललं तुला?"

"नाय."

पंधरा दिवसांनी किनाऱ्यावर पुतळा जाळला. सासू मोठ्याने रडली. रंभाने आलेल्यांसाठी चहा केला, भांडी घासली. दहावं झाल्यावर दुसऱ्या दिवशी ती पाळीवर हजर झाली.

बथशेबाबाईंच्या पलंगावर नवी आजी होती, सुनीताबाई, उजवी बाजू लुळी. तिने घरी कोण कोण असतं ते विचारलं. आजवर रंभा सगळ्यांना नवरा बोटीवर हाय, एवढंच सांगायची.

"सासूसासरे हाईत," ती चादर ताणत म्हणाली. "नवरा वारला."