गिलाव्याखालची रेघ

गुंडुलाने चुलतभावावर, ओटमारवर, अकरा वर्षं डूख धरला होता. जर्मनीतल्या मोझेल नदीकाठच्या तिच्या गावात पूर ओसरला की पाणी जिथवर चढलं होतं तिथे प्रत्येक घराच्या भिंतीवर रेघ कोरतात, शेजारी वर्ष. वडील गेल्यावर ओटमारने तिला त्यांच्याच दाराशी, सगळ्यात उंच रेघेखाली उभं केलं होतं.

"असलं बुडणारं घर घेणार कोण, बाई? मी घेतो आपला, नात्यापोटी."

ती दुःखात होती. मातीमोल भावाने सही करून बसली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

आता ओटमारने भिंतीला नवा गिलावा केला होता. रेघा गायब, खिडकीत लाल फुलांच्या कुंड्या, आणि सोमवारी एक डच जोडपं खानावळ काढायला ते घर विकत घेणार होतं. आज ते जोडपं गाव बघायला निघालं आणि गाइड म्हणून नेमकी गुंडुला आली. देव देतो तेव्हा असा देतो.

तिने चर्च पाच मिनिटांत उरकलं आणि दोघांना थेट नदीकाठच्या गल्लीत आणलं. ओटमारच्या शेजारी पाववाल्याचं घर. त्याची सगळ्यात उंच रेघ शाबूत होती.

"वीबे, तुम्ही चांगले उंच आहात. लावा बघू हात त्या रेघेला."

वीबेने हात वर ताणून रेघेला लावला.

"आता हात तसाच ठेवून चार पावलं पुढं या. इथं गल्लीला चढउतार नाही."

हात येऊन टेकला तो खिडकीच्याही वर, कोऱ्या गिलाव्यावर.

"मग या घराची रेघ कुठाय?" त्याच्या बायकोने, हिल्केने विचारलं.

"गिलाव्याखाली. माझ्या वडिलांनी कोरलेली. पाणी काय घर बघून शिरतं?"

तेवढ्यात ओटमार पाहुण्यांसाठी वाइनचे पेले घेऊन हसत बाहेर आला. भिंतीवरचा हात दिसला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं.

"गुंडुला, हा काय चावटपणा? जुनं झालं ते सगळं!"

"जुनं? ती रेघ मला तर तूच दाखवली होतीस की."

वीबेने हात खाली घेतला आणि पांढरी भुकटी विजारीला पुसली.

"सोमवारचं राहू द्या," हिल्के म्हणाली. वाइनला न शिवता दोघं चालू लागली.

गुंडुलाला इतकं बरं वाटलं की त्याची लाजही वाटेना. तिने ओटमारच्या हातातला एक पेला उचलला आणि सावकाश संपवला.

"असलं बुडणारं घर घेणार कोण, दादा?" ती म्हणाली. "मी घेते आपली, नात्यापोटी."