पडदा आणि पप्पांचा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना डिफ्यूजन सेल आहे. सेल म्हटल्यावर तुम्ही घड्याळाच्या मागे बघाल, पण तो मी नव्हे. मी काचेचा आहे. वर लहानशी वाटी, खाली गोल भांडं आणि कडेला वर वळलेली बारीक नळी, एवढाच माझा देह. वारूळवाडीच्या पुढे औषधशास्त्राचं एक कॉलेज आहे, तिथल्या प्रयोगशाळेत मी राहतो. माझ्या काठाचा टवका उडालाय. कुणी त्यावर बोट ठेवलं की मला अजूनही वाईट वाटतं.

मला एका कारागिरानं नळीतून फुंकून घडवलं. माझं काम सोपं आहे. खाली अंगातल्यासारखं खारं पाणी भरायचं, त्यावर कातडी ताणून बसवायची आणि कातडीवर मलम लावायचं. माझ्याभोवती कोमट पाणी खेळतं, पोटात छोटा चुंबक भिरभिरत राहतो. कातडीतून किती औषध खाली उतरलं, ते नळीतून पाणी काढून यंत्रावर तपासतात. मला तोंड नाही. माझ्यातून काय गेलं ते मला कळतं, बस्स.

पूर्वी जुन्नरहून बकऱ्याची कातडी यायची. पोरं नाक धरायची, केस काढताना वैतागायची. मग बाजारातून कृत्रिम पडदे आले. पांढरे, गोल, कागदासारखे पातळ. ना वास, ना केस. "लई भारी काम झालं राव!" म्हणत पोरांनी मला घासूनपुसून लख्ख केलं. मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू?

सगळ्यांत खूश झाली रिंकू. नारायणगावात किराणा दुकान चालवणाऱ्या माणिकचंद शेठची ही मुलगी. घर जैन, त्यामुळे कातड्याला हात लावणं तिच्याच्यानं होईना. वडिलांचे गुडघे फार दुखायचे, आणि यंदा त्यांनी अठ्ठाई करायचं ठरवलं होतं. म्हणजे आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही दिवसाउजेडी. गोळी गिळणार नाही, असं त्यांनी निक्षून सांगितलेलं. मग रिंकूनं दुखणं थांबवणारं एक जेल स्वतः बनवलं.

तिनं माझ्यावर पडदा बसवला, जेल लावलं. अहाहा! औषध असं सरसर खाली उतरलं की विचारू नका. यंत्रावरचा आकडा बघून रिंकू नाचलीच.

तिची मैत्रीण तहरीम शेजारीच उभी होती. ती जुन्नरची, तिच्या मामांचंच मटणाचं दुकान.

"रिंकू, सर काय म्हणाले होते? पडदा एवढंच सांगतो, की जेल औषध सोडतंय का. अंगात जातं का, ते कातडीच सांगणार. मामूंकडून आणते ना. मी लावते, तू लांबून बघ."

"नको गं. पप्पांच्या उपवासासाठी करतेय मी हे. त्यात बकऱ्याचं कातडं कशाला आणतेस?"

तहरीम आपल्या टेबलाकडे वळली. मी आतल्या आत तडफडलो. अगं पोरी, पडद्याला नुसती भोकं असतात! कातडी असं कुणालाही आत घेत नाही, मी बकऱ्याच्या वेळी पाहिलंय! पण चुंबक भिरभिरत राहिला, आणि रिंकूनं सरांना न विचारता जेलची डबी घरी नेली.

रोज ती आनंदानं सांगायची, "पप्पांना गुण आला!" मला वाटायचं, माझंच चुकत असेल. तसं असतं तर किती बरं झालं असतं.

मग कॉलेजात प्रदर्शन भरलं. रिंकूच्या प्रयोगाला बक्षीस मिळणार होतं, म्हणून माणिकचंद शेठ उपवासातही आले. कठडा धरून जिना चढले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर टेकले. रिंकू सरांना बोलवायला धावली. ती दाराबाहेर गेली आणि शेठचा चेहरा पार उतरला. दोन्ही हातांनी ते गुडघा दाबू लागले.

"काका, दुखतंय?" तहरीमनं विचारलं.

"लई दुखतंय, बेटा. जेलानं काय फरक नाय. पण रिंकूला सांगू नको हां. एवढ्या हौसेनं केलंय पोरीनं."

आता तिघांना कळलं होतं. एकानं बोलायचं नाही असं ठरवलेलं, एकीला शब्दानं बांधलेलं, आणि तिसरा मी, काचेचा.

सर आत आले तसे शेठ मान राखायला उठले, आणि गुडघा लचकला. टेबलाला हात घालायच्या आतच ते फरशीवर आपटले. रिंकू किंचाळली.

"पप्पा! जेल लावलं नव्हतं का?"

"लावलं की. रोज लावलं."

"मग बरं वाटतंय म्हणाला होतात ना?"

"तुला बरं वाटावं म्हणून म्हणालो, बेटा."

रिंकू तशीच खाली बसून राहिली. बक्षीस कुणी आणलं, कुठं ठेवलं, कुणाच्या लक्षात नाही. शेठचा गुडघा एवढा सुजला, की उपवास सोडायच्या दिवशी त्यांना खुर्चीसकट उचलून स्थानकात, जैन साधू उतरतात त्या प्रार्थनेच्या जागी, न्यावं लागलं.

पुढे एकदा तहरीम शेताच्या बांधावर सापडलेली सापाची कात घेऊन आली. "हिच्यापायी कुणी मेलं नाही, रिंकू. सापानं आपणहून टाकलीय." ही गोष्ट आधी सुचली असती तर! रिंकूनं स्वतःच्या हातानं ती माझ्यावर बसवली, तेच जेल लावलं. मी वाट पाहिली. खाली जवळजवळ काहीच उतरलं नाही. आकडा वाचून रिंकूनं माझ्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"तुला सगळं माहीत होतं ना रे?"

होतं गं बाई. होतं. पण मी काय करणार होतो?

मित्रांनो, मला आणि पडद्याला दोष देऊ नका. आम्हाला जेवढं विचाराल तेवढंच आम्ही सांगतो. मला जपून धुवा, काठ सांभाळा. आणि घरचं माणूस "बरं वाटतंय" म्हणालं, तर त्याच्या हसण्यावर जाऊ नका. ते उठतं कसं, तेवढं बघा.