ओट्यावरून गेलेली रेघ

रविवारी सकाळी पावणेसात वाजता एका हुदहुदाने चोचीत जाडजूड अळी धरून गल्लीतल्या एका घराच्या भिंतीतल्या भोकात डोकं घातलं आणि रिकाम्या चोचीने बाहेर काढलं. हे दोन बायकांनी पाहिलं. एक गल्लीच्या पूर्वेच्या टोकाला बंद दुकानाच्या पायरीवर दुर्बीण घेऊन बसली होती, दुसरी पश्चिमेच्या टोकाला स्वतःच्या पावाच्या गाडीत. दोघींनी आपापल्या फोनवर एकच नोंद केली: हुदहुद, वीण नक्की. चौकोन मात्र प्रत्येकीने आपला लिहिला.

पहिली दातांची डॉक्टर, दुसरी बेकरीची मालकीण. ज्या घराच्या भिंतीत ते भोक होतं, तिथे डॉक्टरबाईंची मुलगी आणि बेकरीवाल्या बाईंचा मुलगा संसार करत होते. म्हणजे या दोघी विहिणी. लग्नात त्यांनी एका शब्दानेही वाद घातला नव्हता आणि नातेवाइकांना त्याची रुखरुख लागून राहिली होती. ती आता फिटायची होती.

देशातले पक्षी कुठे वीण करतात, याचा नकाशा तयार होत होता. सगळ्या मुलखावर सारख्या मापाचे चौकोन आखले होते आणि एकेक चौकोन एकेका हौशी माणसाला दिला होता. वीस-बावीस वर्षांपूर्वी असाच नकाशा झाला होता. तेव्हाही पूर्वेचा चौकोन डॉक्टरबाईंकडेच होता, आणि त्या वेळी तिथल्या बागेत हुदहुदांची चांगली चलती होती. पुढे बाग गेली, गोदामं आली. नव्या नकाशात प्रत्येक पक्ष्यासाठी तीन खुणा ठरल्या होत्या: पूर्वी होता आणि आजही आहे, तिथे भरलेला ठिपका. नव्याने आला, तिथे त्रिकोण. पूर्वी होता आणि आता नाही, तिथे पोकळ गोल.

डॉक्टरबाईंच्या चौकोनात या खेपेला सहा पक्ष्यांचे पोकळ गोल पडून चुकले होते. सातवा हुदहुदाचा पडायच्या बेतात होता आणि हंगाम संपत आला होता. नकाशा एकदा छापला की पुढची वीस वर्षं तेच खरं. दातातली पोकळी भरता येते, हिला काय करणार, असं त्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंना म्हणाल्या होत्या. ते हसण्यावारी गेलं, पण त्यांना ते मनापासून लागलं होतं. आपण पहाऱ्यावर असताना चोरांनी घर धुऊन न्यावं, तसं त्यांना वाटत होतं.

त्यातून शेजारच्या चौकोनात विहीणबाई. त्यांना या नादी लावलं डॉक्टरबाईंनीच. साखरपुड्यानंतर ओळख वाढवायची म्हणून त्यांनी आपली जुनी दुर्बीण दिली होती. बेकरीमुळे विहीणबाईंचा दिवस उजाडायच्या आत सुरू होई, आणि पक्ष्यांचाही तेव्हाच होतो. वर्षभरात त्यांच्या चौकोनात नवे त्रिकोण पडू लागले. शिकवणारी मागे आणि शिकणारी पुढे, असा मामला झाला.

नियम साधा होता. पक्षी चोचीत खाऊ घेऊन उडताना दिसला, एवढ्याने भागत नाही, कारण तो रेघ ओलांडून भलतीकडे जात असेल. घरटं ज्या चौकोनात, नोंद त्या चौकोनाची. दोघींना नियम पाठ होता. दोघींनी घाई केली.

नकाशाचं काम बघणाऱ्या समन्वयकांनी दोन्ही नोंदी थांबवून ठेवल्या आणि घरट्याची नेमकी जागा कळवा, असं सांगितलं. त्याच संध्याकाळी दोघी मुलांच्या स्वयंपाकघरात फोन हातात धरून उभ्या राहिल्या. दोन चौकोनांमधली रेघ ओट्यावरून जात होती. शेगडी पूर्वेच्या चौकोनात, सिंक पश्चिमेच्या. भिंतीतलं भोक बरोबर दोहोंच्या मध्ये. जावई म्हणाला की आता भांडी एका चौकोनात घासायची आणि दुसऱ्यात लावायची, काही हरकत नाही. फक्त मी कोणत्या चौकोनात झोपायचं ते सांगा.

मुलीला मात्र हसू येत नव्हतं. पंधरवडाभर घरात घाण वास येत होता. आधी तिने मेलेला उंदीर शोधला, मग नवऱ्याचे बूट बाहेर ठेवले, मग प्लंबरला बोलावलं. त्याने सिंकखालचा पाइप काढला, हुंगला, परत बसवला आणि हा वास माझ्या खात्यातला नाही, असं सांगून निघून गेला. हुदहुदाची मादी आणि पिल्लं शत्रूला पळवण्यासाठी अंगातून सडक्या मांसासारखा वास सोडतात, हे आई आणि सासूने एका सुरात सांगितलं. दोघींचे चेहरे इतके आनंदी होते की मुलगी म्हणाली, "तुमच्या दोघींच्या नाकाचं काहीतरी करून घ्या आधी."

ते भोक म्हणजे जुन्या धुराड्याच्या नळाचं तोंड. घर घेतलं तेव्हा नळ काढला, आतली बाजू लिंपली, बाहेरची तशीच राहिली. भिंतीच्या पोटात पोकळी होती आणि ती आडवी गेली होती, पण पूर्वेकडे की पश्चिमेकडे, हे घर बांधणाऱ्यालाच ठाऊक. पिल्लं पूर्वेकडे असतील तर डॉक्टरबाईंना भरलेला ठिपका. पश्चिमेकडे असतील तर विहीणबाईंना त्रिकोण आणि डॉक्टरबाईंना पोकळ गोल.

बघायचं तर एकदाच, तेही दोन्ही पक्षी चारा आणायला गेलेले असताना, आणि पटकन. बघणार कोण यावर वाद झालाच नाही. दातांच्या डॉक्टरकडे लांब दांडीचा छोटा आरसा असतो आणि अंधाऱ्या भोकात बघण्याची सवय असते. शिडी विहीणबाईंनी धरली.

"हलवू नका हं," डॉक्टरबाई वर चढता चढता म्हणाल्या.

"तुम्ही पडलात तर माझ्याच चौकोनात पडाल," विहीणबाई म्हणाल्या. "माझ्या डोक्याला ताप."

दोन्ही पक्षी गेल्याचं जावयाने कोपऱ्यावरून हात करून सांगितलं. डॉक्टरबाईंनी कपाळावरचा दिवा लावला, नाकाने श्वास घेणं बंद केलं आणि आरसा आत घालून आधी पूर्वेकडे वळवला. विटेचे तुकडे, वाळका गाळ, एक गंजलेला खिळा. पोकळी वीतभर जाऊन संपत होती. त्यांनी आरसा पश्चिमेकडे वळवला. फुस्स असा आवाज झाला आणि आरशावर काहीतरी पातळ, कोमट येऊन पडलं. ते गळून गेल्यावर त्यांना दिसली ती पिल्लं. एकमेकांना चिकटून बसलेली चार, पिसं भरत आलेली, डोक्यावर कंगव्याच्या तुटक्या दात्यांसारखे तुरे.

त्यांनी खाली उतरायला हवं होतं. उतरल्या नाहीत. आत काय आहे ते या घडीला त्यांच्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं, आणि दुसऱ्यांदा बघायचं नाही हे ठरलेलं होतं.

"काय दिसतंय?" खालून आवाज आला.

डॉक्टरबाईंनी आरसा आतच धरून ठेवला.

"डॉक्टरबाई, चक्कर येतेय का? शिडी घट्ट धरलीय मी."

"चार आहेत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्याकडे."

मग विहीणबाई चाचरत म्हणाल्या, "पण आरशात उलटं दिसतं ना हो?"

ही वाट त्यांनी मुद्दाम काढून दिली की खरोखरची शंका होती, हे डॉक्टरबाईंना वरून कळेना. विहीणबाईंचा चेहरा शिडीच्या पायरीमागे होता.

"उलटं होतं ते चित्र, विहीणबाई. आरसा ज्या बाजूला वळवला तीच बाजू दिसते. नाहीतर मी आजवर भलतेच दात उपटले असते." त्या उतरल्या, चष्मा काढला आणि पुसू लागल्या. चष्म्यावरही पडलं होतं. "अभिनंदन. तुमचा त्रिकोण."

विहीणबाईंनी शिडी सोडली नाही. त्यांना आनंद झाला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या की चष्मा पाण्याने धुवा, कपड्याने काच खराब होते. जावई मध्ये पडला, आईला म्हणाला की हसायचं असेल तर हस, सासूबाई काही चावत नाहीत, त्यांना दातांची किंमत माहीत आहे. यावर डॉक्टरबाई आधी हसल्या.

घरी जाऊन त्यांनी आपली नोंद मागे घेतली. पोकळ गोल पडू दे म्हणाल्या. रात्री जेवण नेहमीसारखं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पेशंटच्या तोंडात हात असताना फोन वाजला. विहीणबाई. मदतनीस बाईंनी फोन कानाला धरला. विहीणबाईंचं म्हणणं असं की पाव भट्टीत घालताना त्यांच्या मनात आलं, मागच्या नकाशाच्या वेळी फोनवर असे नकाशे होते कुठे? तेव्हाचे चौकोन कागदी नकाशावरून आखलेले, आणि तुलना तर त्याच चौकोनांशी करायची. मग फोनवरची रेघ तीच, हे कशावरून? त्यांनी समन्वयकांना विचारलं. समन्वयक म्हणाले की जुन्या आणि नव्या रेघेत फरक असू शकतो, एखाद्या घराच्या रुंदीइतकासुद्धा. आणि तो कोणत्या बाजूला, ते मोजल्याशिवाय सांगता येणार नाही.

"अहो, म्हणजे तुमचा त्रिकोण जाऊ शकतो," डॉक्टरबाई म्हणाल्या.

"जाईल तर जाईल. उसना त्रिकोण घेऊन मी काय करू? तुम्ही वरून खोटं बोलला असतात तर मला कळलं तरी असतं का?" लगेच त्या पुढे म्हणाल्या, "आणि जास्त हुरळू नका. माझ्याच बाजूला निघणार आहे ते."

मदतनीस बाईंचा हात अवघडला होता आणि पेशंट आ वासून सगळं ऐकत होता. चूळ भरल्यावर त्याने आधी विचारलं की हुदहुद म्हणजे कोणता, तुरा असतो तोच ना.

बुधवारी समन्वयकांनी पाठवलेला मोजणीचा माणूस तिपाई आणि यंत्र घेऊन आला. कोपऱ्यावरच्या जुन्या दगडी खुणेपासून त्याने भिंतीपर्यंत माप घेतलं, ओट्यावर खडूने एक फुली मारली आणि मुलीला ती दोन दिवस पुसू नका म्हणून सांगितलं. फुली शेगडीपाशी होती. तिचा अर्थ काय, असं दोघींनी विचारलं तेव्हा तो म्हणाला की आकडे कार्यालयात जुळवावे लागतील, फुली नुसती खुणेची आहे. दोघींनी त्याला चहा दिला, वेगवेगळा.

शुक्रवारी पहिलं पिल्लू उडालं. शनिवारी बाकीची तीन. सोमवारी सकाळी दवाखाना उघडायच्या आधी डॉक्टरबाईंनी कार्यालयात फोन केला. पलीकडून उत्तर मिळालं की आकडे आले आहेत, समन्वयक फील्डवर गेले आहेत, आणि पाच मिनिटांपूर्वी हेच विचारायला आणखी एका बाईंचा फोन येऊन गेला.