खिळेकाकांची सावली

स्वयंपाकघरात झाकण पडलं. मोठ्या पातेल्याचं स्टीलचं झाकण. पडल्यावर गोल गोल फिरत, आवाज बारीक करत करत एकदाचं निवलं. एरवी कुणी मान वळवून पाहिलं नसतं. पण त्या वेळी पुढच्या खोलीत, म्हणजे आमच्या छापखान्यात, तीस-पस्तीस माणसं श्वास रोखून उभी होती आणि अक्षरबाबांचा उजवा हात प्रिंटरच्या डोक्यावर होता.

"गेलं," बाबा डोळे न उघडता म्हणाले. "भांड्यावर आपटून गेलं. ऐकलंत ना?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. समोरच्या शिंप्याने तर ते जाताना पाहिलंही होतं, असं तो संध्याकाळपर्यंत सांगत होता. मी तेवढी आत धावले, कारण भांड्यावर आपटून जे गेलं होतं ते साडेचार वर्षांचं होतं, त्याचं नाव भिंगरी होतं आणि ते आता ओट्याखाली डाव घेऊन लपलं होतं. तिला काखोटीला मारून परत आले तोवर प्रिंटर घरघरला, कागद बाहेर आला आणि त्यावर आपली नेहमीची, काळीभोर, सरळ अक्षरं होती. खोलीभर एक सुस्कारा पसरला. बाबांनी कागद वर धरून चारी दिशांना दाखवला. माझे सासरे, ज्यांना मी मामंजी म्हणते आणि गाव छापखानेवाले म्हणतं, त्यांनी कपाळावरचा घाम पुसला.

गोष्ट तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली होती. मामंजींचा बारा वर्षांचा जुना संगणक एका दुपारी मुकाट्याने मिटला आणि त्याच्या जागी नवा आला. नव्यावर जुनी फाइल उघडली, तर आपल्या अक्षरांचा पत्ता नाही. त्यांच्या जागी डोक्यावर टोप्या घातलेली, शेपट्या फुटलेली परदेशी अक्षरं, उलटी प्रश्नचिन्हं आणि मधूनच एखादा रिकामा चौकोन. छापून पाहिलं तर कागदावरही तेच. बघायला आलेल्या कुणीतरी म्हटलं, ही तर भुताची भाषा. नाव चिकटलं आणि भूतही चिकटलं.

मग कुणीतरी अक्षरबाबांना आणलं. हे गृहस्थ पूर्वी दुकानोदुकानी फिरून प्रिंटरात टोनरची पूड भरत. त्या पुडीने काळी झालेली बोटं लोक आता सिद्धीची खूण मानत. त्यांचं बोलणं ऐकण्यासारखं असे. संगणकाला पोट असतं, प्रिंटरला तोंड असतं आणि मधली केबल म्हणजे घसा. तुमच्या यंत्राच्या घशात कुणाची तरी नजर अडकली आहे. प्रिंटरच्या आत ड्रायव्हर असतो की नाही? ड्रायव्हर रुसला तर गाडी चालेल का? मामंजींना हे पटलं, कारण प्रिंटरच्या कागदपत्रांत ड्रायव्हर हा शब्द त्यांनी खरोखरच वाचला होता.

यंत्राशी एकांतात बोलायचं म्हणून बाबांनी सगळ्यांना बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. दहा मिनिटांनी दार उघडलं तेव्हा अक्षरं जागेवर होती. संगणकाच्या पाठीला बोटभर लांबीचा एक ताईत अडकवलेला होता, लाल कापडात गुंडाळलेला, वरून दोरा आवळलेला. नियम तीन: काढायचा नाही, उघडायचा नाही, त्या बाजूला बघायचंसुद्धा नाही. यंत्रावरून उतरवून टाकायला एक न उघडलेलं टोनर आणि कोऱ्या कागदाची एक रीम बाबा सोबत घेऊन गेले. उतरवलेली वस्तू कुठे टाकतात हे विचारायचं नसतं म्हणे.

दोन-तीन दिवसांनी अक्षरं पुन्हा गेली. बाबा आले, एकांत झाला, अक्षरं आली, टोनर गेलं. असं तीनदा झालं. ज्या दिवशी झाकण पडलं ती चौथी खेप होती; एकांत आटोपल्यावर छपाई तेवढी सगळ्यांसमोर झाली होती, आणि त्या दिवशी बाबांनी अखेर मुळाला हात घातला. अक्षरं साधारण किती वाजता जातात, असं त्यांनी मामंजींना विचारलं. मामंजी आठवून म्हणाले, सकाळी, दहाच्या सुमाराला. दहाला इथे कोण येतं, असं बाबांनी विचारलं. सगळे कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बघायला लागले.

स्टुलावर खिळेकाका बसले होते. चाळीस वर्षांपूर्वी, शिशाच्या अक्षरांचे खिळे एकेक उचलून मजकूर जुळवायचे त्या काळात, ते या छापखान्यात आले. खिळे मोडीत गेले, काका राहिले. आता ते प्रुफं तपासत. काम सुरू करण्याआधी मऊ सुती कापडाने खिळ्यांची पेटी पुसायची त्यांची जुनी सवय होती. पेटी गेल्यावर ते त्याच कापडाने संगणक पुसत. पुढून, मागून, कानाकोपऱ्यातून, बाळाला अंघोळ घातल्यावर पुसावं तसं. घरी त्यांची वाट बघणारं कुणी नव्हतं. ते स्टूल म्हणजेच त्यांचं चारचौघांत बसणं होतं. आणि पहिल्या खेपेला बाबांना "ताईतात आहे काय हो?" असं विचारणारा सगळ्या गर्दीत तो एकच माणूस होता.

बाबांनी निकाल दिला की या हातांना शिशाचा दोष आहे. मेलेल्या अक्षरांची सावली या माणसाच्या मागे चालते. शनिवारी सकाळी सगळ्यांसमक्ष शेवटची परीक्षा घेऊ, आणि त्यानंतर याने हा उंबरा ओलांडायचा नाही. मामंजी जमिनीकडे बघत राहिले. काका "बरं" म्हणाले, खणातून चष्म्याचं घर काढून खिशात ठेवलं आणि चपला घालून निघून गेले.

त्या संध्याकाळी मी मामंजींना म्हटलं की हे फॉन्टचं काहीतरी असेल. ते रागावले नाहीत. म्हणाले, "सूनबाई, मी डोळ्यांनी पाहिलंय. काकांचा हात लागतो आणि अक्षरं जातात. तू नाही पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. एकदा नाही, तीनदा. म्हणून विषय तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुपारी मामंजी आडवे झाले आणि मी संगणकापुढे बसले. माझा संसार, माझी कमाई आणि माझी डुलकी, तिन्ही त्या दीड तासात बसवायची असतात. शाळेच्या हेडबाईंची परीक्षेची प्रश्नपत्रिका पुरी करायची होती. भिंगरीने झोपायचं होतं. ती अर्थातच टेबलाखाली होती. मी प्रश्नपत्रिका बंद करून एक जुनी फाइल उघडली, आणि पडद्यावर टोप्या आणि शेपट्या.

खरं सांगायचं तर मागे वळून पाहायचा धीर होईना. मग टेबलाखालून आवाज आला, "मी नाही काढलं." अजून कुणी काही विचारलंसुद्धा नव्हतं. वाकून पाहिलं तर बाईसाहेबांच्या मुठीत लाल ताईत, एका टोकाला उघडी पत्र्याची जीभ.

आणि मग मला सुचलं ते इतकं साधं होतं की स्वतःचीच लाज वाटली. काका आज आलेच नव्हते. मग आज कुणाची सावली?

मी भिंगरीला म्हटलं, घाल बघू परत होता तिथे. तिने घातला. फाइल बंद करून उघडली, अक्षरं हजर. आता काढ. अक्षरं गेली. घाल. आली. आठ वेळा केलं. पाचव्या वेळेनंतर मला गरज नव्हती, पण तिला हा खेळ फार आवडला होता आणि ती "आता भूत, आता नाही भूत" म्हणत टाळ्या पिटत होती. मामंजी जागे होतील म्हणून तिला खडीसाखर देऊन गप्प केलं आणि दोरा सोडला. लाल कापडाच्या आत होता साधा पेन ड्राइव्ह, कुठल्याही दुकानात मिळतो तसा. आणि पेन ड्राइव्हमध्ये होता आमचा जुना फॉन्ट.

सगळी करामत एवढीच. फाइलीत आपली अक्षरं नसतातच, नुसत्या खुणा असतात. कुठल्या खुणेला कोणतं रूप द्यायचं हे फॉन्ट ठरवतो. नव्या संगणकात तो फॉन्ट कुणी घातलाच नव्हता. बाबांनी तो संगणकात उतरवून घ्यायच्या ऐवजी संगणकाला एवढंच सांगून ठेवलं होतं की फॉन्ट लागला की त्या पेन ड्राइव्हवरून वाच. पेन ड्राइव्ह जागेवर तोवर अक्षरं जागेवर. आणि काकांचं कापड रोज सकाळी मागून फिरताना कधीतरी त्याला धक्का देई. तो केसभर बाहेर सरके आणि भूत हजर होई.

मी फॉन्ट नीट संगणकात उतरवून घेतला. ताईत काढून फाइल उघडली, छापूनही पाहिली. अक्षरं जागची हलली नाहीत. मग ताईत पुन्हा बांधून होता तिथे अडकवला आणि संध्याकाळी भिंगरीचं बोट धरून खिळेकाकांच्या घरी गेले.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे मजकूर होताच. खिळ्यांची पेटी तेवढी त्याच्या खिशात होती." मला जे समजायला अख्खी दुपार लागली ते त्यांनी एका वाक्यात बसवलं. मग बराच वेळ ते आपल्या दोन्ही हातांकडे बघत बसले. या दोन दिवसांत त्यांनाही ते हात आपले वाटेनासे झाले होते, हे मला तेव्हा कळलं.

शनिवारी गर्दी दुप्पट. शिंप्याने दुकान बंद ठेवलं होतं. हेडबाई आपल्या लॅपटॉपसकट आल्या होत्या, कारण आम्ही पाठवलेली प्रश्नपत्रिका उघडताच तोही भुताची भाषा बोलायला लागला होता. बाबांनी काकांना पुढे बोलावलं आणि लोकांना म्हणाले की आता बघा, मी माझं संरक्षण काढून घेतो आणि या माणसाला हात लावू देतो; मग यंत्र काय ओकतं ते वाचा. त्यांनी स्वतःच्या हाताने ताईत उपटला. काकांनी संगणकावर तळहात ठेवला. बाबांनी फाइल उघडून छपाईचं बटण दाबलं आणि पडद्याकडे पाठ करून लोकांकडे बघत उभे राहिले.

कागद आला. शिंप्याने तो उचलला, उलटा केला, सुलटा केला. "हे तर वाचता येतंय," तो जरा निराश होऊन म्हणाला.

बाबा वळले. त्यांचा चेहरा क्षणभर रिकाम्या चौकोनासारखा झाला. पण माणूस धंद्यात मुरलेला. लगेच म्हणाले की उघडच आहे, काल रात्रभर आम्ही साधना केली, त्या बळाने याचा दोष गेला.

तेव्हा माझ्याने राहवेना. मी पुढे होऊन म्हटलं, "दोष गेला असेल तर हा ताईत आता कुणाला लागायचा नाही. उघडू?" आणि ते नाही म्हणायच्या आत दोरा सोडला. पेन ड्राइव्ह बघून मागून कुणीतरी म्हणालं, असला तर माझ्या पोराकडेही आहे. मी तो खिळेकाकांच्या हातात दिला आणि हेडबाईंचा लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला. पडद्यावर टोप्या आणि शेपट्या होत्या. मी सांगत गेले, काका करत गेले: इथे दाबा, फॉन्ट आत उतरवा, आता काढून घ्या, फाइल उघडा. प्रश्नपत्रिका लख्ख उभी राहिली. ना मंत्र, ना एकांत, ना टोनर.

"काका, आता तुम्हीच बाबा," शिंपी म्हणाला.

"नको रे," काका म्हणाले. "बाबाला लोक प्रश्न विचारत नाहीत. मग वेळ कसा जायचा?"

हसण्याच्या गलक्यात अक्षरबाबा कधी निसटले ते दिसलं नाही. लोकांनी मग मलाच घेरलं, आणि मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहिते. मामंजींच्या डोळ्यांनी पाहिलेलं खोटं नव्हतं. काकांचा हात लागत होता आणि अक्षरं जातही होती. खोटा होता तो त्यावर लावलेला अर्थ. म्हणून नुसतं बघून थांबू नका. काढून बघा, घालून बघा, ज्याच्यावर आळ आहे तो नसताना काय होतं ते बघा. आणि कुणी म्हणालं की उघडायचं नाही, तर पहिलं तेच उघडा.

गर्दी पांगली. मामंजी बराच वेळ कागदाचे गठ्ठे उगाच इकडचे तिकडे करत होते. शेवटी काकांकडे न बघता म्हणाले, "सोमवारी जरा लवकर या. हेडबाईंची प्रुफं आहेत. तुमच्याशिवाय कोण बघणार?" काका "बरं" म्हणाले. खिशातून चष्म्याचं घर काढलं आणि खणात ठेवलं.

भिंगरी माझ्या कडेवर होती. सकाळपासूनच्या गर्दीने पेंगुळलेली, डोकं माझ्या खांद्यावर.

"आई, काकांनी काहीच केलं नव्हतं?"

"काही नाही गं राणी."

"तुला माहीत होतं?"

"वाटत होतं."

ती झोपली असं समजून मी तिला आत घेऊन निघाले, तर तिने मान वर केली.

"मग त्या दिवशी काका चपला घालत होते, तेव्हा तू का नाही बोललीस?"